मांजराच्या मोजपट्टीने

चौबे कॉलनी, रायपूर
मे अखेर, नवतपा

चि. गार्गी,

तुझं पत्र मिळालं. तुमचा बोका भुऱ्या नागपूरच्या घरी आला आणि रुळला, हे वाचून बरं वाटलं. पण पत्राचा मोठा भाग त्याच्या गाऱ्हाण्यांनी भरला आहे. तो पहाटे चारला घरभर उधळतो. टेबलाच्या कडेचा पेला पंजाने ढकलून खाली पाडतो. विकत आणलेली गादी सोडून ती ज्या खोक्यातून आली त्या खोक्यात झोपतो. मारलेली पाल उशाशी आणून ठेवतो. कुरवाळून घेता घेता एकदम चावतो. आजी म्हणतात, मांजराची जातच कृतघ्न. तुझे बाबा म्हणतात, हे पोर वेडं निघालं. दोघांनाही हे पत्र वाचून दाखव. यातली एकही गोष्ट वेडेपणाची नाही आणि कृतघ्नपणाची तर मुळीच नाही. प्रत्येकीमागे कारण आहे आणि त्यातली बरीच कारणं गेल्या काही वर्षांत अभ्यासकांनी तपासूनही पाहिली आहेत.

अडचण अशी की माणसं मांजराला कुत्र्याच्या मापाने मोजतात. आमच्या छत्तीसगडात, बालोद जिल्ह्यातल्या खपरी गावी कुकुरदेवाचं जुनं मंदिर आहे. एका बंजाऱ्याने आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली, तेव्हा कुत्र्याने लपवलेला माल दाखवून दिला. खूश झालेल्या सावकाराने त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधून त्याला सोडून दिलं. पण तो पळून आला असं समजून मालकाने चिठ्ठी पाहण्याआधीच त्याला मारून टाकलं. त्या पश्चात्तापातून हे देऊळ उभं राहिलं, अशी कथा इथे घरोघरी सांगतात. मांजराच्या वाट्याला मात्र आडवं गेल्याचा दोष आला. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहणारे लांडगे. म्होरक्याकडे पाहणं, हाकेला धावून येणं, चौघांत मिळून वागणं हे त्याच्या रक्तात आहे. मांजराचे पूर्वज एकेकटे शिकार करणारे होते. त्याच्याकडून कळपाची रीत मागितली तर ते विचित्रच दिसणार.

घरातलं मांजर आलं कुठून, याचा छडा 2007 साली लागला. कार्लोस ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या पाळीव आणि रानटी मांजरांची जनुकं तपासली. पाळीव मांजरांची नाळ पश्चिम आशियातल्या फेलिस लायबिका या रानटी मांजराशी जुळलेली निघाली. आमच्याकडे धानाच्या बांधांवर संध्याकाळी दिसतं ते रानमांजर वेगळ्या जातीचं. ते आपल्या मनीचं पूर्वज नव्हे. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर शिलूरोकाम्बोस इथे सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं, ते 2004 साली जाहीर झालं. त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीतून तिथे नेलं होतं.

छत्तीसगडच्या खेड्यात हे नातं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरात धानाची कोठी असते, कोठीजवळ मुसवा, म्हणजे उंदीर, असतो आणि मुसव्यासाठी बिलई, म्हणजे मांजर, असते. बिलईला कुणी बांधत नाही, शिकवत नाही. तिने उंदीर धरावेत आणि आपल्या मर्जीने राहावं, एवढाच करार. हजारो वर्षं माणसाने मांजराला असंच राहू दिलं. म्हणून भुऱ्याच्या प्रत्येक वागण्याकडे पाहताना दोन गोष्टी मनात धर. तो एकट्याने शिकार करणारा प्राणी आहे. आणि तो लहान आहे, म्हणजे मोठ्या जनावरांचा तो स्वतःही घास होऊ शकतो. शिकार साधायची आणि आपण शिकार व्हायचं नाही, या दोन गरजांतून त्याचं बहुतेक वागणं समजतं.

पहाटेचं उधळणं आधी घेऊ. मांजर रात्रीचं जनावर आहे असं म्हणतात, पण त्याची खरी वेळ दिवस-रात्रीच्या सांध्याची. उंदीर बाहेर पडतात तेव्हा, पहाटे आणि तिन्हीसांजेला. त्याच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा पडदा असतो. माणसाला लागतो त्याच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतक्या उजेडात त्याला दिसतं. दिवसातले बारा ते सोळा तास ते झोपून काढतं आणि साठवलेली ताकद त्या थोड्या वेळात वापरतं. घरात उंदीर नसला म्हणून ती वेळ टळत नाही. मग दिवाणखाना ते स्वयंपाकघर अशी धाव सुरू होते. रायपूरच्या उन्हाळ्यात हे जास्तच जाणवतं. पारा 45 अंशांच्या आसपास गेला की आमची मनी दिवसभर मोरीजवळच्या गार फरशीवर पडून असते आणि गारवा उतरला की तिचा दिवस उगवतो.

यावर रागावण्याचा उपयोग नाही, दिनक्रम बदलण्याचा आहे. मोकळ्या मांजराचा क्रम ठरलेला असतो: शिकार, खाणं, अंग चाटून साफ करणं, झोप. झोपायच्या आधी भुऱ्याशी दोरी किंवा पिसाच्या काठीने चांगलं खेळा, शेवटी ती त्याला पकडू द्या आणि लगेच खायला द्या. त्याचं पोटही लहान आहे. उंदरांवर जगणारं मांजर दिवसभरात दहा किंवा जास्त छोटे घास घेतं. तुम्ही सकाळ-संध्याकाळ दोनदा ताटली भरता. तेच अन्न चार-पाच वेळांत वाटून दिलं की पहाटेची हाक बरीच कमी होते.

पेला पाडण्याचं कारणही याच शिकाऱ्यात आहे. मांजराला लांबची हालचाल उत्तम दिसते, पण साधारण वीतभर अंतराच्या आतलं नीट दिसत नाही. जवळची वस्तू ते मिशांनी आणि पंजाने तपासतं. निपचित पडलेला उंदीर मेला आहे की सोंग करतो आहे, हे त्याला पंजाने हलवूनच कळतं. टेबलावरची वस्तू हलवली तर ती सरकते, पडते, आवाज होतो आणि घरातलं माणूस धावत येतं. शेवटची गोष्ट ते फार लवकर शिकतं. ज्या मांजराशी दिवसभर कुणी खेळत नाही, त्याला पेला पाडणं हा माणसाला बोलावण्याचा खात्रीचा मार्ग वाटू लागतो. पेला उचलताना आरडाओरडा करू नका, आणि त्याने काही पाडण्याआधीच त्याच्याशी खेळायची वेळ ठरवून ठेवा.

आता उशाशी ठेवलेली पाल. मांजरी आपल्या पिल्लांना आधी मेलेली आणि मग अर्धमेली शिकार आणून देते, त्यातून पिल्लं शिकार शिकतात. काही अभ्यासकांना माणसाला आणलेली भेट हा त्याचाच अवशेष वाटतो. दुसरं कारण अधिक साधं आहे: शिकार सुरक्षित जागी न्यावी आणि भुऱ्याला सगळ्यात सुरक्षित वाटणारी जागा म्हणजे तुझी उशी. दोन्हींत विश्वासच आहे. आणि भूक नसतानाही तो शिकार का करतो, असं तू विचारलंस. मांजराची शिकारीची ओढ भुकेची वाट पाहत नाही. भूक लागेपर्यंत थांबलं तर शिकार समोर असेलच असं नाही. तरी ही ओढ कमी करता येते. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठात मार्टिना चेकेत्ती आणि रॉबी मॅकडोनाल्ड यांनी 2021 साली दाखवलं की मांसातून मिळणाऱ्या प्रथिनांचं प्रमाण भरपूर असलेला आहार दिल्यावर घरात आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने 25 टक्क्यांनी. तुमच्या अंगणातल्या बुलबुलांसाठी एवढं कराच.

खोक्याचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण इथे शिकाऱ्याइतकाच शिकार होऊ शकणारा प्राणी दिसतो. तिन्ही बाजूंनी बंद जागेत पाठीमागून कुणी येऊ शकत नाही आणि समोरचं सगळं दिसतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या क्लॉडिया विंके यांनी आसरागृहात नव्याने आलेल्या मांजरांवर एक साधा प्रयोग केला. काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खोकं मिळालेली मांजरं नव्या जागेत लवकर सावरली. ही ओढ किती खोल आहे पाहा: 2021 साली गॅब्रिएला स्मिथ यांनी लोकांना घरच्या जमिनीवर कागदाचे तुकडे अशा रीतीने ठेवायला सांगितले की चौकोन प्रत्यक्षात नाही, पण असल्याचा भास होतो. त्या भासमान चौकोनातही मांजरं जाऊन बसली.

खोक्यात ऊबही मिळते. ज्या तापमानात मांजराच्या शरीराला स्वतःला ऊब देण्यासाठी किंवा गार करण्यासाठी जास्तीचे कष्ट पडत नाहीत, ते साधारण 30 ते 38 अंश आहे. माणसाला जिथे घाम फुटतो तिथे ते सुखात असतं. म्हणून थंडीत ते टीव्हीच्या मागे, गरम इस्त्रीच्या कपड्यांवर, तुझ्या मांडीवर येतं. पण नागपूर आणि रायपूरचा मे महिना 38 च्या पुष्कळ वर जातो. इथली मनी डिसेंबरात खोकं सोडत नाही आणि नवतपाच्या कडक उन्हात त्याच्याकडे फिरकत नाही. या दिवसांत भुऱ्या पोट फरशीला लावून सपाट पसरला तर त्याला उचलू नका. मांजराला घाम मुख्यतः पंजांच्या तळव्यांना येतो. बाकीचं अंग ते चाटून ओलं करून गार ठेवतं. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणं मात्र मांजराच्या बाबतीत नेहमीचं नाही. तसं दिसलं तर त्याला लगेच गार खोलीत न्या, अंगाला ओला कपडा लावा आणि डॉक्टर गाठा.

तो माणसांशी बोलत नाही, असं आजींना वाटतं. खरं तर म्याव ही बोली मुख्यतः माणसांसाठीच आहे. पिल्लं आईला हाक मारतात, पण मोठी झालेली मांजरं एकमेकांशी क्वचितच म्याव करतात. त्यांचा आपसातला व्यवहार वास, शेपटी, कान आणि फिसकारण्यावर चालतो. माणसाला वास कळत नाही आणि आवाज कळतो, हे मांजरांनी ओळखलं. पहाटे अन्नासाठी जी घुरघुर होते तिच्यात तर आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकोंब यांना त्यांचं मांजर पेपो रोज पहाटे अशी घुरघुर करून उठवायचं. त्यांनी ती ध्वनिमुद्रित करून तपासली. 2009 साली छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की खायला मागतानाच्या घुरघुरीच्या पोटात एक उंच स्वर दडलेला असतो आणि त्याची पट्टी तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीजवळ जाते. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही, त्यांनाही ती घुरघुर दुर्लक्ष करता न येण्याजोगी वाटली.

घुरघुर म्हणजे नेहमी आनंद, असं मात्र धरू नका. दुखत असलेलं, घाबरलेलं, विणारं मांजरही घुरघुरतं. त्यामुळे एकटा आवाज न ऐकता सबंध अंग पाहा. शेपटी ताठ उभी ठेवून जवळ येणं ही मैत्रीची खूण. डोळे अर्धे मिटून हळूच उघडणं हा तर तुलाही करता येईल असा नमस्कार आहे. ससेक्स आणि पोर्टस्मथ विद्यापीठांच्या अभ्यासकांनी 2020 साली पाहिलं की माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले-उघडले तर मांजरंही तसंच उत्तर देतात, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडेही जास्त विश्वासाने जातात. टक लावून पाहणं त्यांच्या जगात धमकी आहे. म्हणूनच मांजर नको असलेले, त्याच्याकडे न पाहणारे पाहुणे त्याला आवडतात आणि कौतुकाने न्याहाळणारे आवडत नाहीत.

नावाचं म्हणशील, तर भुऱ्याला ते कळतं. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी 2019 साली दाखवलं की मांजरं आपलं नाव इतर शब्दांपासून वेगळं ओळखतात, परक्या माणसाने हाक मारली तरी. कान हलतो, मान वळते. उठून यायचं की नाही, ते मांजर ठरवतं.

आता चावण्याचं. कुरवाळणं म्हणजे मांजरांच्या भाषेत एकमेकांचं डोकं आणि गाल चाटणं, घासणं. तिथे वासाच्या ग्रंथी असतात: गालांवर, हनुवटीखाली, कपाळावर. सारा एलिस यांनी 2015 साली मांजरांना अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी कुरवाळून पाहिलं, तेव्हा शेपटीच्या मुळाशी हात लावणं त्यांना सर्वांत नकोसं वाटलं. घरात मात्र हात डोक्यापासून शेपटीपर्यंत पुन्हा पुन्हा फिरतो. भुऱ्या चावण्याआधी सांगत असतो: शेपटीचं टोक आपटू लागतं, कान बाजूला वळतात, पाठीची कातडी थरथरते. त्या क्षणी हात थांबवला तर दात लागत नाहीत. आणि तो पाठीवर लोळून पोट दाखवतो ते विश्वासाने. पोटाला हात लावायचं ते बोलावणं नव्हे. पोट हा लहान प्राण्याचा सर्वांत नाजूक भाग, तिथे हात आला की चारही पंजे आपोआप पुढे येतात.

तू बाहेरून आलीस की तो पायांना अंग घासतो, कारण बाहेरच्या वासांनी तुझ्यावरचा घरचा वास पुसलेला असतो. तो परत लावतो. मांडीवर कणीक मळावी तसे पंजे चालवतो ते तान्हेपण: दूध सुटावं म्हणून पिल्लू आईच्या पोटावर असेच पंजे चालवतं आणि सुख वाटलं की मोठेपणीही तेच करतं. सोफ्यावर नखं ओढण्याची तीन कारणं आहेत. नखांवरचं जुनं टरफल निघतं, पाठ आणि खांदे ताणले जातात आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास तिथे राहतो. ओरडण्याऐवजी त्याला जागा द्या. इथे धान खरेदीच्या हंगामानंतर जुना बारदाना मुबलक मिळतो. तो एका भक्कम लाकडी खांबाला घट्ट गुंडाळला आणि खांब सोफ्याजवळच उभा केला की काम होतं. खांब हलता कामा नये, आणि अंग पूर्ण ताणून उभं राहता येईल इतका उंच हवा.

खाण्यापिण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या मराठी घरांत प्रेमापोटी चुकतं ते इथेच. मांजर म्हटलं की दूध-पोळी, दूध-भात. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवण्याची शक्ती ओसरते. वाटीभर दुधाने अनेकांना जुलाब होतात. गोडाची तर त्यांना चवच कळत नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी 2005 साली दाखवलं की गोड चव ओळखणाऱ्या जोडीतलं एक जनुक मांजरात निकामी झालेलं आहे. भुऱ्या पेढा चाटतो तो त्यातल्या स्निग्धासाठी.

तुमचं घर शाकाहारी आहे, म्हणून हे मोकळेपणाने सांगते. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं आणि ते मांस-माशांत असतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो, हे 1970 च्या दशकात कळलं. हृदय फुगून दुबळं होतं, हे 1987 साली पॉल पिऑन यांनी सिद्ध केलं. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन घालण्याचं प्रमाण वाढवलं गेलं. घरात मांस शिजवायचं नसेल तर चांगलं तयार खाद्य आणा, पण दूध-पोळीवर त्याला जगवू नका. कुत्र्याचं खाद्यही चालत नाही, ते वेगळ्या गरजांसाठी बनवलेलं असतं.

पाण्याची वाटी ताटलीपासून दूर ठेवा. कोरड्या प्रदेशातल्या पूर्वजांमुळे मांजराला तहान कमी लागते. बरंचसं पाणी ते शिकारीच्या मांसातूनच घेत आलं आहे. नुसत्या कोरड्या दाण्यांवर राहणारं मांजर कमी पाणी पितं आणि पुढे लघवीचे त्रास सुरू होतात. दोन-तीन ठिकाणी रुंद वाट्या ठेवा, पाणी रोज बदला, ओलं खाद्यही द्या. नळाच्या धारेखाली तो मान घालतो ते ताज्या, वाहत्या पाण्यासाठी.

गवत खाऊन ओकणं आजारपणाचं लक्षण आहे का, असंही तू विचारलं आहेस. कॅलिफोर्नियात बेंजामिन हार्ट यांनी हजारावर पालकांना विचारून पाहिलं, तेव्हा गवत खाण्याआधी आजारी दिसणारी मांजरं फारच थोडी निघाली. ही जन्मजात सवय आहे आणि पूर्वजांच्या आतड्यांतले जंत बाहेर टाकायला ती उपयोगी पडली असावी, असं त्यांचं मत आहे. कुंडीत गहू पेरून कोवळी पाती त्याला द्या. लिलीची फुलं घरात आणू नका. तिचे परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात.

पाऊस पडला की अंगणात खोकलीची रोपं उगवतील, हिंदीत तिला कुप्पी म्हणतात. ती मुळासकट उपटली की मांजर मुळावर गाल घासतं, लोळतं, काही वेळ भान हरपतं. परदेशातलं कॅटनिप आणि जपानी सिल्व्हर व्हाइन यांनीही असंच होतं. सिल्व्हर व्हाइनचा अभ्यास करताना जपानच्या मासाओ मियाझाकी यांच्या गटाने 2021 साली दाखवलं की अंगाला लागलेल्या त्या रसामुळे मांजराला डास कमी चावतात. लोळण्यामागे असा फायदा दडला असेल, हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. खोकलीचं मूळ दुरून हुंगू दे. खाऊ मात्र घालू नकोस.

इतकं सगळं लिहिण्यामागे एक काळजी आहे. लहान प्राणी दुखणं लपवतो, कारण रानात लंगडणारा आधी मारला जातो. घरात येऊनही मांजराने हे सोडलेलं नाही. ते कण्हत नाही, कुणाजवळ जाऊन सांगत नाही. फक्त वागणं बदलतं. रोज उंच कपाटावर बसणारं खालीच राहू लागतं, अंग चाटणं सोडतं, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं, शी-शूच्या ट्रेबाहेर घाण करतं. यातल्या पुष्कळ गोष्टींना घरची माणसं खोडी किंवा राग समजतात. माँट्रिआल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2019 साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी पाहायच्या: कान बाहेरच्या बाजूला वळले आहेत का, डोळे बारीक झाले आहेत का, थोबाड ताणलं आहे का, मिशा ताठ पुढे आल्या आहेत का आणि डोकं खांद्यांच्या खाली झुकलं आहे का. हे ओळखायचं तर आधी निरोगी भुऱ्या कसा दिसतो, कसा वागतो, हे तुम्हा सर्वांना पाठ हवं. आज ज्या वागण्याची तक्रार वाटते, तेच उद्या अचानक थांबलं तर ती धोक्याची सूचना असेल.

म्हणून दोन गोष्टी घरात सर्वांना बजावून सांग. पहिली: ताप वाटला म्हणून त्याला माणसांचं पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराच्या यकृताला ते निकामी करून बाहेर टाकता येत नाही. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. दुसरी: भुऱ्या बोका आहे आणि बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल, लघवी थेंब थेंब होत असेल किंवा होतच नसेल, तर ती बद्धकोष्ठता समजून घरगुती उपाय करत बसू नका. मार्ग पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. आम्हा रायपूरकरांना अशा वेळी दुर्गजवळच्या अंजोऱ्याचं पशुवैद्यक महाविद्यालय आठवतं. तुमच्या नागपुरात 1958 पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. त्याचा आणि जवळच्या डॉक्टरांचा फोन नंबर फ्रिजवर लावून ठेव. रात्र असो, रविवार असो, दिवाळी असो, सकाळ होण्याची वाट पाहू नका. त्याला उचला आणि घेऊन जा.

आजींना नमस्कार, सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
मावशी